अठ्ठावन्न नंबरचा लाल दिवा

यादविगा युझेफावना घाबरट होती आणि तिने ते कधी लपवलं नाही. एकतीस वर्षं तिने सरकारी दुरुस्ती केंद्रात लोकांचे टीव्ही उघडले, आणि एकतीस वर्षं डावा हात खिशात घालून काम केलं. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत, बटण बंद केल्यावरही, वीज दबा धरून बसलेली असते. दोन्ही हात आत घातले की ती एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज लागतं. तिच्या बरोबरीचे दोन शूर पुरुष त्या नळीने नेले. ही मात्र धडपणे पेन्शनीपर्यंत पोचली. तेव्हा तिला भित्री म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी एवढं ध्यानात घ्यावं.

नेमन नदीकाठच्या आमच्या शहरात, नऊ मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर, सत्तावन्न नंबरात ती एकटी राहायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, लोक रस्त्यावर आले, तीन दिवस इंटरनेट बंद होतं, आणि त्यानंतर तोंड झाकलेली माणसं बिननंबरच्या गाड्यांतून फिरायला लागली. रस्त्यात कुणालाही उभं करायचे, फोन मागायचे, बोटाने फोटो सरकवत बसायचे. एक चुकीचा फोटो निघाला की माणूस पंधरा दिवस आत. मग जिन्यात एक नवा प्रश्न रुजला. आई लेकराला विचारायची, बायको नवऱ्याला विचारायची: "फोन धुतलास का?" बाहेर पडायच्या आधी फोनमधलं सगळं पुसून टाकायचं. सरकारवर चिडलेले शेजारी अंगणात जमायचे त्या संध्याकाळच्या चहाचे फोटो, पोरांनी आंदोलनाच्या झेंड्यासारख्या बाल्कनीत वाळत घातलेल्या लाल-पांढऱ्या चादरी, गाणी, सगळं. पुसता पुसता लोकांची लग्नं आणि बारशीही पुसली जात होती, कारण पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी आता आत होतं.

सप्टेंबरात तिसऱ्या मजल्यावरचा वितौत तिच्या दारात उभा राहिला. ट्रॉलीबसचा ड्रायव्हर, खांदे दरवाजाएवढे, आणि आवाज कुजबुजीचा.

"मावशी, तुम्ही यंत्रं दुरुस्त करायचात ना?"

"टीव्ही दुरुस्त करायचे. क्रांती नाही."

"क्रांती कोण मागतंय? एक कपाट पाहिजे. फोन धुवायच्या आधी त्यातले फोटो-फिती ठेवायला, यंत्रातलं कपाट. इंटरनेट नको, बाहेरचं कोणी नको. जिन्यातल्या जिन्यात."

"माझ्या घरात नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. मग दाराला पाठ लावून बराच वेळ उभी राहिली. तिच्या लक्षात आलं होतं की आपण 'नाही' म्हटलं नाही, 'माझ्या घरात नाही' म्हटलं.

तिच्या भिंतीपलीकडचं अठ्ठावन्न नंबर रिकामं होतं. प्रानेविच नवरा-बायको एका सकाळी दोन पिशव्या घेऊन पोलंडला निघून गेले होते. स्ताख प्रानेविचचं नाव कुठल्यातरी यादीत आलं होतं. किल्ली यादविगाकडे, कुंड्यांना पाणी घालायला. फ्रिजचं दार उघडं टाकून त्याचा प्लग काढलेला. घर मेलेलं. पण वीजमीटर आमच्याकडे घरात नसतात, जिन्यातल्या पत्र्याच्या कपाटात असतात, मजल्यावरच्या चारही घरांचे शेजारी शेजारी. प्रत्येक मीटरवर एक लाल दिवा. घरात वीज जळाली की तो लुकलुकतो, जास्त जळाली की भराभर. कोण घरात आहे, कोण गावाला गेलं, कोण घरात नसल्याचं भासवून आत दडलंय, हे आमच्याकडे दारावर थाप मारून नाही, त्या दिव्यावरून कळतं. पोस्टमन तो बघतो, शेजारीण बघते, आणि तोंड झाकलेली माणसंही बघतात.

तिने आधी प्रानेविचांचाच जुना संगणक लावून पाहिला. बाहेर येऊन मीटरसमोर उभी राहिली. दिवा दर वीस सेकंदाला. मेलेल्या घरात ही जिवंत माणसाची नाडी. तिने धावत जाऊन तो बंद केला आणि दोन दिवस त्या घरात पाऊल टाकलं नाही.

मग तिने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. वितौतने कुठूनसा तळहाताएवढा संगणक आणला, नुसती एक पाटी, पोरं खेळणी बनवायला घेतात तसली. पंखा नाही, म्हणजे आवाज नाही. एका फुटलेल्या लॅपटॉपमधली छोटी डिस्क तिने त्याला जोडली. कोणी दहा मिनिटं काही मागितलं नाही तर डिस्कने झोपून जायचं, अशी सवय तिला लावली. हे सगळं शिकायला तिने चष्मा पुसत पुसत एक महिना घालवला. कोणी शिकवलं नाही. ज्यांना पदव्या लागतात त्यांनी लावून घ्याव्यात. शेवटी स्टूल टाकून ती मीटरसमोर घड्याळ घेऊन बसली. शेजारीपाजारी कोणी आलं तर 'गुडघे दुखतात, लिफ्टची वाट बघतेय' असं सांगायचं ठरवलं होतं. दिवा सव्वासहा मिनिटांनी एकदा लुकलुकला. पुन्हा सव्वासहा मिनिटांनी. कोणी सव्वासहा मिनिटं कपाटासमोर डोळे लावून उभा राहणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं. बजावणं आणि पटणं यांत तिच्यापुरतं बरंच अंतर होतं.

एक गोष्ट मात्र तिने भीतीपोटी जास्तीची केली. आमच्या जिन्यातली वीज म्हातारी आहे, मधेच जाते. चालू डिस्कची वीज तुटली तर ती खरवडली जाते. म्हणून तिने मोटारसायकलची बॅटरी लावली, आणि बॅटरीला एक शिटी. बाहेरची वीज गेली की दर पाच सेकंदांनी शिटी वाजायची, भिंतीपलीकडे तिला ऐकू यावी म्हणून. पेटी बंद केली, चार स्क्रू आवळले, चादरींच्या कपाटात ठेवली.

पेटीतून जवळच्या फोनपर्यंत पोचणारी एक वायरलेस जोडणी होती, तिला तिने संशय नको म्हणून 'प्रिंटर' असं नाव दिलं. लोक सातव्या मजल्यावर यायचे, लिफ्टची वाट बघत असल्यासारखे उभे राहायचे, फोन कपाटात रिकामा करायचे आणि जायचे. जाता जाता पोरांसाठी कार्टून घ्यायचे, एखादा सिनेमा घ्यायचे, कोणीतरी भरून ठेवलेले आजीच्या काळचे नाच घ्यायचे. पासवर्ड काकडीच्या बरणीच्या झाकणावर लिहून घरोघर जायचा, लोणचं कुठल्या वर्षीचं ते लिहितात त्या जागी. जिन्यातल्या पस्तीस घरांपैकी बत्तीस घरांना तो ठाऊक होता. ज्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं त्यांत पहिली होती समोरच्या एकोणसाठ नंबरातली रेगिना आन्तोनावना.

रेगिना बसमध्ये तिकीट तपासनीस होती, तीस वर्षं. रिटायर झाली तरी तिची नजर रिटायर झाली नव्हती. ऑगस्टभर ती खिडकीत फोन धरून उभी असायची, अंगणाकडे रोखून. ती वर कळवते, असं जिन्याने ठरवून टाकलं होतं. तिला कोणी 'शुभ दिवस' म्हणत नव्हतं. ती लिफ्टमध्ये शिरली की बाकीचे जिन्याने जायचे. यादविगा तर तिच्या चपलांचा आवाज आला तरी श्वास धरायची.

ऑक्टोबरात अंगणातल्या चहाच्या वेळी गाडी आली आणि अदासला घेऊन गेली. अदास पाचव्या मजल्यावरचा, अकॉर्डियन वाजवायचा, बाकी कशात नसायचा. त्याच्यावर गुन्हा लावला की त्याने अधिकाऱ्याला लाथ मारली, गणवेश फाडला. वितौतने बाल्कनीतून ते टिपलं होतं: अदास बाकावर बसलेला, दोन्ही हात अकॉर्डियनच्या पट्ट्यांत अडकलेले, आणि दोघांनी त्याला वाद्यासकट उचलून नेलं. पाय जमिनीला लागत नव्हते, लाथ कुठून मारणार? वितौतने त्याच रात्री ते कपाटात ठेवलं आणि फोन धुतला. अदासच्या बायकोकडची एकुलती दुसरी प्रत तिच्या फोनबरोबर जप्त झाली. पहिल्या वकिलाची सनदच काढून घेतली. दुसरी वकीलबाई फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी राजधानीहून यायची होती. तोवर अदासची काही वर्षं त्या चादरींच्या कपाटात होती. यादविगाला हे कळल्यापासून तिची झोप गेली होती. दोनदा ती वितौतला म्हणाली, "घेऊन जा बाबा हे. मी अशी बाई नाही."

"कशी बाई?"

"तू समजतोस तशी."

"मावशी, मी तुम्हाला घाबरटच समजतो. म्हणून तर तुमच्याकडे ठेवलं. शूर माणसाने आतापर्यंत चारचौघात सांगितलं असतं."

त्या शुक्रवारच्या आधीच्या बुधवारी दुपारी तीनला ती वकीलबाईसाठी प्रत करायला अठ्ठावन्नमध्ये गेली. नुसती अदासची फीत नव्हे, बाईने त्या संध्याकाळचं सगळंच मागितलं होतं. कमी विजेवर चालणारं यंत्र कामही उपाशी माणसासारखं करतं. पेनड्राइव्हच्या बोटाएवढ्या कांडीत फाइली मुंगीच्या चालीने उतरत होत्या. अजून वीस मिनिटं. तिने कुंड्यांना पाणी घातलं आणि दारावरची घंटी वाजली.

तिने झारी आवाज न करता खाली टेकवली. पुन्हा घंटी. मग मूठ.

"प्रानेविच. दार उघडा."

दोन आवाज होते. एक तरुण, एक सर्दी झालेला. तिने मोजे घातलेले पाय एकेक करून उचलले आणि कपाटाच्या खोलीत गेली. आपलं नाव, आपला पत्ता, तुरुंगात पार्सलमध्ये काय काय चालतं त्याची यादी, सगळं डोक्यातून एकदम गेलं. बाहेर पत्र्याचं कपाट करकरलं.

"मीटर बघ."

ती मोजायला लागली. शेवटचा दिवा कधी लागला असेल, तिला काय माहीत? आताच लागला असेल तर सहा मिनिटं आहेत. पाच मिनिटांपूर्वी लागला असेल तर संपलं. बत्तीस, तेहतीस. बाहेर कोणीतरी शिंकलं. साठ. सत्तर.

"मेलंय," सर्दीवाला म्हणाला. "कोणी नाही."

"थांब, खात्री करू. वीज तोडतो. आत कोणी असेल तर ओरडेल."

खटका पडला. आणि कपाटातून शिटी वाजली.

तिने आयुष्यात इतकं लहान आणि इतकं मोठं काही ऐकलं नव्हतं. पाच सेकंद. पुन्हा. तिने उशी ओढली, पेटीवर दाबली, वरून स्वतः पडली. बॅटरीची तार उपटली तर डिस्क लिहिता लिहिता मरेल, आणि अदासबरोबर मरेल. स्क्रू उघडायला पेचकस लागतो आणि पेचकस सत्तावन्नमध्ये, एप्रनच्या खिशात. ही शिटी तिने स्वतः बसवली होती, स्वतःच्या हाताने. उशीतून ती वाजली, जरा बोबडी.

"ऐकलंस? आत काहीतरी वाजतंय."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. चपलांचा आवाज. यादविगाने डोळे मिटले. आता ही बोलणार.

"अखेर आलात," रेगिनाचा आवाज, बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "दोन आठवडे झाले तक्रार करून. गृहसंस्थेतून आलात ना?"

"आम्ही गृहसंस्थेतून नाही, आजी."

"मग कुठून? कुठूनही या, पण ते बंद करा. धुराचं यंत्र आहे छताला, बॅटरी उतरलीय त्याची. दोन आठवडे टी, टी, टी. मला रक्तदाब आहे. मालक पळाले, यंत्र ठेवून गेले माझ्या डोक्याला."

आमच्याकडे प्रत्येक घरात छताला ते पांढरं धुराचं यंत्र असतं, अग्निशमनवाले सक्तीने लावतात. बॅटरी उतरली की ते टिटवीसारखं ओरडतं. रिकाम्या घरांतून महिनोन् महिने ऐकू येतं.

"आमच्या घरातलं मिनिटाला एकदा वाजतं," तरुण म्हणाला. "हे भराभर वाजतंय."

"तुमचं जुनं असेल. यांनी महागातलं लावलं होतं, पैसा उतू जात होता ना. किल्ली त्या सत्तावन्नवालीकडे आहे. आत्ताच बाजारात गेली, पिशवी घेऊन. तिला शंभरदा सांगितलं, ऐकत नाही, पक्की आळशी. तुम्ही नाव लिहून घ्या माझं. आणि वीज का तोडलीत? लावा परत. आत काही सडलं तर वास माझ्या दारात येणार, तुमच्या नाही."

"लाव रे परत," सर्दीवाला कंटाळून म्हणाला.

आत यादविगाने ते ऐकलं. धुराचं यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं. त्याला भिंतीतल्या विजेशी काही देणंघेणं नसतं. खटका वर गेला की तिची शिटी गप्प होणार. आणि मग बाहेरचे दोघे एकमेकांकडे बघणार, रेगिनाची थाप उघडी पडणार, आणि तिचंही काही खरं नाही.

तिने उशी बाजूला फेकली. कपाटामागे हात घातला, प्लग दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो भिंतीतून निघाला. त्याच क्षणी बाहेर खटका वर गेला.

शिटी वाजली. पाच सेकंदांनी पुन्हा वाजली. आता उशी नव्हती, ती मोकळ्या गळ्याने वाजत होती, आणि यादविगा गुडघ्यांवर बसून, मघाशी जिचा गळा दाबत होती तिनेच वाजत राहावं म्हणून देवमातेला विनवत होती.

"खरंच बॅटरी आहे," तरुण म्हणाला. "आमची बायकोही वेडी होते या आवाजाने."

"चल. आजी, प्रानेविच आला तर कळवा."

"कळवते की. नंबर द्या."

लिफ्ट आली, गेली. मग दाराच्या फटीतून रेगिनाचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत:

"बाहेर येऊ नकोस. एक जण खाली गाडीत बसलाय. आणि ते आता बंद कर, मला खरंच रक्तदाब आहे."

यादविगाने प्लग पुन्हा लावला. बॅटरीने एवढा वेळ तग धरला होता, कारण यंत्र खातच किती होतं. फाइली उतरत होत्या, जणू काही झालंच नाही. ती जमिनीवर बसून राहिली. सुटल्याचा आनंद वगैरे काही तिला झाला नाही. आता रेगिनाला सगळं माहीत आहे, एवढंच तिला दिसत होतं. माहीत होतं म्हणजे केव्हापासून? आणि आज वाचवलं ते कशासाठी? काहीतरी मागायला?

सहा वाजता गाडी गेल्यावर ती आपल्या घरी आली, आणि सव्वासहाला रेगिना आलीच. हातात फोन. बसायला सांगायची वाट न बघता स्वयंपाकघरात बसली.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?" यादविगाने उभ्याउभ्याच विचारलं.

"तू मीटरसमोर स्टूल टाकून बसलीस तेव्हापासून. लिफ्टची वाट बघायला कोणी घड्याळ घेऊन बसतं? तीस वर्षं मी बिनतिकिटवाले चेहरे बघितलेत, बाई. तुझ्यासारखा चेहरा चढला की मी बाकीची बस सोडून द्यायचे."

"मग कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? या जिन्यात माझ्याशी बोलतं कोण?"

यादविगाने चहा ठेवला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

रेगिनाने फोन टेबलावर सरकवला. "यातलं काढून घे. उद्या पेन्शनच्या ऑफिसात जायचंय, तिथे फोन लागतोच आणि दारावर तपासतात. ऑगस्टपासून पुसलं नाहीये काही, म्हणून सहा महिने मी फोन घरी ठेवून दूध आणायला जाते. सगळं अंगण आहे. त्या वाजवणाऱ्याला नेलं तेही आहे. माझ्या खिडकीतून गाडीचा मागचा दरवाजा दिसतो. आत टाकल्यावर त्याला काय केलं तेही दिसतं."

"आधी का नाही आणलंत?"

"तू दार उघडलं असतंस?"

यादविगा खरं बोलणारी बाई होती. "नसतं उघडलं," ती म्हणाली.

"मग. साखर दोन चमचे."

त्या संध्याकाळी दोघी मिळून अठ्ठावन्नमध्ये गेल्या. पेटीतल्या डिस्कवर प्रत्येक घराच्या नंबराचा एक कप्पा होता. यादविगाने एकोणसाठचा नवा उघडला; दोनदा भलताच आकडा पडला. रेगिना मागे उभी राहून म्हणाली, "घाई नको. तपासनिसाला सवय असते."

शुक्रवारी वकीलबाई आली आणि वितौतची आणि रेगिनाची अशा दोन्ही फिती भरलेली कांडी बुटात घालून घेऊन गेली. मार्चमध्ये खटला चालला. न्यायाधीशाने त्या पाहिल्या नाहीत. प्रकरणाशी संबंध नाही, असं एका वाक्यात सांगितलं आणि अदासला अडीच वर्षं दिली. वितौत त्या दिवशी सातव्या मजल्यावर आला आणि भिंतीवर मूठ आपटली. आता हे यंत्र कशाला ठेवायचं, असं विचारलं.

यादविगा म्हणाली, "न्यायाधीश बदलतात. डिस्क मी बदलू देणार नाही." मग लगेच दाराकडे बघून कुजबुजली, "हळू बोल. भिंती पातळ आहेत."

ती अजूनही घाबरते. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली की चमचा हातातून खाली ठेवते आणि पावलं कुणीकडे वळतात ते ऐकते. फरक इतकाच पडलाय की आता समोरच्या दारामागे आणखी एक बाई तशीच चमचा खाली ठेवून ऐकत असते, हे तिला ठाऊक आहे.